गाव दोनदा विचारावं

जयेंद्रगंज, लष्कर, ग्वाल्हेर
४ जुलै १९५५

ती. नाना,

खोलीभर पुस्तकं पसरली आहेत, साष्टांग घालायला जागा नाही. उभ्यानेच नमस्कार करते, तो मानून घ्यावा.

नापास झाले. हे आधीच सांगून टाकते, कारण मधलं सोडून पत्राचा शेवट आधी वाचायची तुमची सवय मला ठाऊक आहे. बाकीच्या सगळ्या पेपरांत चांगली पास आहे. आडवी झाले ती हिंदू कायद्यात. म्हणजे ज्या विषयाचं बाळकडू तुम्ही मला परकर-पोलक्यात असल्यापासून पाजलंत, नेमकी त्यातच. आग्रा विद्यापीठाचा नियम असा, की एकात गेलात तर सगळे पेपर पुन्हा द्या. तेव्हा एप्रिलमध्ये पुन्हा बसणार.

तुमची अट विसरलेली नाही. पेन्शन घेऊन तुम्ही गोविंददादाकडे पुण्याला निघालात, तेव्हा स्टेशनावर हमालाशी हुज्जत घालता घालता मला म्हणालात, "दोन खेपा. दोन खेपांत वकील झालीस तर इथे रहा, तुझं तू बघ. नाहीतर शाळेची नोकरी सोडायची, पुण्याला यायचं आणि मी सांगीन तिथे लग्न करायचं." मी हो म्हटलं होतं. अजून एक खेप हातात आहे आणि मला पुण्याला यायचं नाही. पुणं वाईट म्हणून नाही. वहिनी लिहिते, तुम्ही मंडईत दुधी बघून "लौकी कशी दिली" म्हणालात आणि भाजीवाली पदर तोंडाला लावून हसली. तुमची ही गत, तर माझी काय होईल!

आता चूक कुठे झाली तेही सांगते. प्रश्न असा होता: कानपूरच्या एका विधवेने नवऱ्याच्या माघारी मुलगा दत्तक घेतला. नवऱ्याने तशी परवानगी कधीच दिली नव्हती. पुतण्या म्हणतो, दत्तक रद्द करा. मी प्रश्न वाचून मनात हसले. हे काय विचारणं झालं? मी दीड पान भरून लिहिलं, की दत्तक पक्का, विधवेला परवानगी लागत नाही. प्रोफेसरसाहेबांनी निकालानंतर समजावलं, की विधवेला असं करता येतं ते महाराष्ट्रात. कानपूर-आग्र्याकडे काशीची परंपरा चालते. तिथे नवऱ्याने जिवंतपणी परवानगी दिली नसेल तर दत्तक रद्द.

खरं सांगू? यात माझ्याइतकीच तुमचीही चूक आहे. आपल्या घरी आजोबांच्या माघारी आजीने तुम्हाला साताऱ्याहून आणून दत्तक घेतलं, कोणाला काही विचारलं नाही. ज्या घरात बापच असा आलेला, त्या घरातली मुलगी दुसरं काय लिहिणार? आग्र्याच्या परीक्षकाच्या हिशेबी तर तुम्ही आमच्या घराचे कोणीच नाही!

हसलात ना? तर रागावू नका. मी पास होणार आहे.

तुमची हट्टी
शामला


जयेंद्रगंज
१९ ऑक्टोबर १९५५

ती. नाना,

तीन पत्रं पाठवली, तुमची ओळ नाही. काल वहिनीचं पत्र आलं. ती लिहिते, जुलैतलं माझं पत्र तुम्ही जेवायला बसताना वाचलंत आणि पानावरून उठलात. तेव्हापासून माझी पत्रं तुमच्या टेबलावर तशीच बंद पडली आहेत.

मी थट्टा केली होती. ती तुम्हाला लागली. मला कळायला हवं होतं. तुम्हीच एकदा सांगितलं होतं, की नऊ वर्षांचे असताना तुम्ही ग्वाल्हेरला, या लष्कर भागात आलात तेव्हा गल्लीतली पोरं दत्तक म्हणून चिडवत "लेपालक आया, लेपालक आया" करत मागे धावायची, आणि आजी दारात उभी राहून ओरडायची, "लेपालक नहीं, मेरा बेटा है!" हे ठाऊक असूनही "कोणीच नाही" असं लिहिताना माझा हात अडला नाही. मला फार वाईट वाटतं आहे, नाना. माफ करा.

आता हे पत्रही तुम्ही फोडणार नसाल, तर निदान वहिनीने तरी मोठ्याने वाचावं म्हणून अभ्यासाची हकीकत लिहिते.

माझ्याबरोबर आणखी एक जण हिंदू कायद्यात पडला, कान्होजी. कंपू भागात राहतो, मोतीमहालात सचिवालयात कारकून आहे. त्याचे आजोबा घोडदळात होते, आणि तो वादही घोडदौडीसारखा घालतो. संध्याकाळी आम्ही उषाताईंच्या ओसरीवर बसतो. उषाताई म्हणजे माझ्या घरमालकीणबाई. त्या भाजी निवडत मध्ये बसतात, म्हणजे गल्लीला बोलायला जागा नको. पद्धत अशी ठरली आहे: एकाने वादीचा वकील व्हायचं, दुसऱ्याने प्रतिवादीचा, आणि निकाल उषाताईंनी द्यायचा. त्यांना कायद्याचं काही कळत नाही, म्हणून तर त्या जज्ज. त्यांना समजेल असं बोलता आलं नाही, तर आम्हालाच नीट समजलेलं नाही असं धरायचं.

काल कान्होजी जोरात होता. "बाईसाहेब, सुनिए तो! नवऱ्याने इजाजत दिली नाही, मग दत्तक झालाच कसा? बात खतम!"

उषाताई म्हणाल्या, "ते समजलं रे. पण वादी कोण आणि भांडतोय कशाला, ते आधी सांग. तू तर सरळ निकालालाच हात घालतोस."

त्याने कपाळावर हात मारला. पण हे रोज होतं. आम्हा दोघांना उत्तर येतं, आणि ते इतकं येतं, की प्रश्न वाचायच्या आधीच हात लिहायला लागतो. मागच्या खेपेला माझं तेच झालं. आता मी शाळेत सहावीच्या मुलींना उदाहरणं सोडवायला बसवते, तेव्हा एक जुना पेपर काढून आपणही बसते. घंटा झाली की त्यांच्याबरोबर माझीही लेखणी खाली. मुलींना वाटतं, बाईंनासुद्धा शिक्षा झाली आहे.

इथे सगळीकडे एकच चर्चा आहे. दिल्लीच्या राज्यपुनर्रचना कमिशनचा अहवाल आला, आपला मध्यभारत मोडणार, राजधानी जबलपूरला जाणार म्हणतात. पाटणकर बाजारात प्रत्येक दुकानात एक राजधानी ठरते. कान्होजी म्हणतो, "हम तो फाइलों के साथ बाँध दिए जाएँगे." तुम्ही दरबाराचे कायदे सांभाळलेत, मग संस्थान विलीन झालं आणि एका सकाळी ते रद्दीत गेले. तेव्हा तुम्ही म्हणाला होतात, की वकिली म्हणजे वाळूत घर बांधणं. मला ते पटलं नव्हतं, अजून पटत नाही.

शामला


जयेंद्रगंज
२ फेब्रुवारी १९५६

ती. नाना,

वहिनी लिहिते, पत्रं फोडलीत. एवढंच लिहिते, पुढे काही नाही. एवढं कळलं तरी मी उषाताईंना तिळगुळाचा उरलेला डबा देऊन टाकला.

आज काम घेऊन लिहिते आहे. तुमचे जुने स्नेही महिपतकाका यांच्याकडे गेले होते. पाटणकर बाजारातल्या त्यांच्या ऑफिसात अजून तीच हलणारी खुर्ची आहे, आणि पक्षकाराने खूप वेळ बसू नये म्हणून ती तशीच ठेवली आहे. काका म्हणाले, "शामे, पास हो. सनद मिळेपर्यंत माझ्याकडे बैस. माझे डोळे गेले, वाचून दाखवायला कोणी हवंच आहे. पण नापास बाईला मी टेबल देणार नाही, तुझ्या बापाला काय तोंड दाखवू?" म्हणजे तिकडेही तीच अट. चहूबाजूंनी मला एप्रिलने घेरलं आहे.

तिथे एक पक्षकार आल्या होत्या. विजयाबाई, कंपूतल्या, आपल्यासारख्याच महाराष्ट्रातून इकडे आलेल्या दक्षिणी घरातल्या. नवरा फौजेत होता, वारला. बाईंनी आठ-दहा वर्षांपूर्वी नात्यातला मुलगा दत्तक घेतला. तो आता मोठा झाला, गिरणीत लागला. आणि आता नवऱ्याचा चुलतभाऊ जयसिंहराव याने दावा लावला आहे, की आपण राहतो ग्वाल्हेरात, इथे काशीची परंपरा, नवऱ्याची परवानगी नव्हती, दत्तक रद्द, घर माझं. बाई काही रडल्या नाहीत. खुर्ची हलते म्हणून उभ्याच राहिल्या आणि म्हणाल्या, "वकीलसाहेब, घर का तो देखा जाएगा. पण माझ्या मुलाला ते भर चौकात लेपालक म्हणतात. कोर्टाने एकदा सांगावं, तो माझा कोण."

मला तुमची आठवण झाली, दुसरं काय.

घरी येऊन पुस्तकं उपसली आणि गोंधळले. जयसिंहरावाचं म्हणणं तर माझ्या परीक्षकाचंच म्हणणं आहे! मग आजीने केलं ते काय होतं? दरबारात असताना दक्षिणी कुटुंबांचे असे तंटे तुमच्यासमोर आले असतील. तुम्ही काय करत होता? मला हे परीक्षेसाठी हवं आहे, विजयाबाईंसाठी हवं आहे, आणि खरं सांगायचं तर आपल्यासाठीही हवं आहे.

उत्तराची वाट बघते.

शामला


जयेंद्रगंज
११ मार्च १९५६

ती. नाना,

कार्ड मिळालं. आठ महिन्यांनी तुमचं अक्षर पाहिलं. पोस्टमनला मी दारातच थांबवून वाचलं, तो बिचारा विचारत होता, "सब खैरियत?"

तुम्ही लिहिलंत: "प्रश्नात गाव दोनदा विचारावं. राहतो कुठे आणि आला कुठून. घर सोडून दूर गेलेलं कुटुंब आपला धर्म आणि कायदा बरोबर नेतं, तो टाकल्याचं सिद्ध होईपर्यंत तो त्याचाच. आम्ही दरबारात दाव्याची मिसल उघडली की आधी ही दोन गावं लाल पेन्सिलीने अधोरेखित करत असू, मग बाकीचं वाचत असू. प्रकृती ठीक. सदाशिव."

प्रकृती ठीक! एवढ्या दिवसांनी दोन शब्द, आणि तेही तारेत लिहिल्यासारखे. पण चालेल. लाल पेन्सिल विकत घेतली आहे. कान्होजीलाही एक घ्यायला लावली. तो म्हणतो, "तुमचे वडील मास्तर असते तर आम्ही एव्हाना जज्ज झालो असतो." उषाताईंनी निकाल दिला, की हे त्यांना पहिल्या फटक्यात समजलं, म्हणजे बरोबर असणार.

आता महिनाभर पत्र नाही. अभ्यास आहे.

शामला


जयेंद्रगंज
२७ एप्रिल १९५६

ती. नाना,

पेपर संपले. सगळे ठीक गेले. हिंदू कायद्याचाही ठीक गेला. ऊन फार आहे. उषाताई पन्हं करतात. कान्होजीचेही बरे गेले. बाकी लिहिण्यासारखं काही नाही.

शामला


जयेंद्रगंज
९ जुलै १९५६

ती. नाना,

पास!

पास, पास, पास. आणि हिंदू कायद्यात आमच्या वर्गात सगळ्यांत वर. कान्होजीही पास आहे. त्याने मोतीमहालात पेढे वाटले, आणि त्याच दुपारी त्याला सांगण्यात आलं, की त्याचं खातं नोव्हेंबरपासून भोपाळला. राजधानी आता भोपाळ ठरली आहे. तो म्हणाला, "बाईसाहेब, कायदा बरोबर घेऊन जातो. टाकल्याचं सिद्ध होईपर्यंत माझाच." इतकं हसलो, की उषाताई आतून पळत आल्या.

आता एप्रिलमधलं जे लिहिलं नव्हतं ते लिहिते. पेपर ठीक गेला हे मी कळवलं, पण तसं नव्हतं. मला ताप होता. आदल्या दिवशी उषाताई म्हणाल्या, जाऊ नकोस. मी त्यांच्यावर ओरडले, आयुष्यात पहिल्यांदा. मग पेपर हातात आला आणि त्यात पुन्हा विधवेचा दत्तक आणि पुतण्याचा दावा! या वेळी काशीत राहणारं कुटुंब. एवढं वाचलं आणि माझा हात सुटला. वर्षभर ज्या चुकीने जाळलं, ती पुन्हा करायची नाही, एवढंच डोक्यात. पहिल्याच ओळीला लिहिलं, "दत्तक रद्द." खाली काशीची परंपरा, परवानगी, सगळं घडाघडा. अर्धं पान झालं.

मग पेन्सिल आठवली. पेपरावर लाल रेघ मारायची परवानगी नव्हती, म्हणून बोटानेच गावं शोधली. राहतात कुठे? काशीत. आले कुठून? शेवटच्या ओळीत, अगदी कोपऱ्यात लिहिलं होतं: तीन पिढ्यांपूर्वी साताऱ्याहून. अजून घरातली कार्यं तिकडच्याच रीतीने करतात.

नाना, सातारा बघून मला रडू आलं. पर्यवेक्षकांना वाटलं, हिला काही येत नाही. त्यांनी पाणी पाठवलं. मी ते अर्धं पान काट मारून खोडलं. एवढी लांब काट मारायला धीर लागतो, वेळ संपत असतो. मग नव्याने लिहिलं. दोन्ही परंपरा मांडल्या, कुटुंब कायदा बरोबर नेतं हे मांडलं, पुतण्याने काय सिद्ध करायला हवं ते मांडलं, आणि शेवटी लिहिलं: दत्तक पक्का. शेवटचा शब्द आणि घंटा एकदमच झाली.

हे तेव्हा लिहिलं नाही, कारण पुन्हा चुकलं असतं तर तुमचं कार्ड वाया गेलं असं तुम्हाला वाटलं असतं.

अट माझ्या बाजूने पुरी झाली. मी इथे राहते. वाद नको. पण तुम्हाला एक विचारायचं आहे: हे ऐकून तुम्हाला आनंद झाला का? कार्डावर एवढंच लिहा.

शामला


पाटणकर बाजार, महिपतकाकांचं ऑफिस
५ नोव्हेंबर १९५६

ती. नाना,

तुमच्या ऑगस्टच्या कार्डावर "झाला" एवढाच शब्द होता. तो मी काचेखाली ठेवला आहे.

परवा पहिल्या तारखेला मध्यभारत संपला. इकडे फटाके झाले, तिकडे मोतीमहालातून फायलींचे ट्रक निघाले. कान्होजी एका ट्रकवर पुढे बसून गेला, हात हलवत. हायकोर्ट जबलपूरला गेलं, इथे खंडपीठ राहिलं. महिपतकाका म्हणतात, राज्यं बदलली तरी भांडणं तीच, आणि ते खूश आहेत. मी त्यांना मिसली वाचून दाखवते. सनदेला अजून वेळ आहे, तोवर कोर्टात मी फक्त त्यांच्या मागे बसते.

विजयाबाईंचा दावा आता साक्षीला आला आहे. दिल्लीत दत्तकाचा नवा कायदा होऊ घातला आहे, पण हा दत्तक जुना, त्याला जुनाच कायदा लागेल. जयसिंहरावाचा वकील म्हणतो, की ग्वाल्हेरला आलेल्या दक्षिणी लोकांनी केव्हाच आपली रीत सोडली, इथलेच झाले. आम्हाला दाखवायचं आहे, की सोडलेली नाही. त्यासाठी असा माणूस हवा, ज्याला लष्करातल्याच एका विधवेने, नवऱ्याच्या परवानगीशिवाय दत्तक घेतलं, ज्याला सगळ्या नात्याने तिचा मुलगा मानलं, ज्याने तिचं क्रियाकर्म केलं, ज्याला दरबाराने तिच्या घराचा म्हणून नोकरीत घेतलं.

काकांनी यादी करायला घेतली. मी म्हटलं, यादी नको, माणूस मला माहीत आहे.

नाना, तुम्ही पुण्याला गेलात तेव्हा म्हणालात, की तुम्हाला येत होतं ते सगळं रद्दी झालं. या एका दाव्यात ते रद्दी नाही. कोर्टाचं समन्स तुम्हाला वेगळं येईल. बोलावणं माझं आहे. पंजाब मेलने या. मी स्टेशनावर असेन. तुमच्यासाठी उषाताईंनी एक खोली झाडून ठेवली आहे, आणि इथे लौकी मागितलीत तर कोणी हसणार नाही.

घाबरू नका. प्रश्न महिपतकाका विचारतील, पण लिहिले मी आहेत. दोन गावं लाल पेन्सिलीने अधोरेखित केली आहेत: सातारा आणि लष्कर. समोरचा वकील आडवं बोलेल, कदाचित तो शब्दही वापरेल. त्याला तुम्ही उत्तर देऊ नका, काका बघून घेतील.

तुम्ही फक्त पहिल्या प्रश्नाचं उत्तर नीट, मोठ्याने द्या. शेवटच्या बाकावर विजयाबाई आणि त्यांचा मुलगा बसलेले असतील, त्यांना ऐकू गेलं पाहिजे. मलाही.

पहिला प्रश्न असा आहे: "सदाशिवराव, तुमच्या आईचं नाव काय?"

तुमची
शामला